टॅपिंग म्हणजे कापणं

सुई प्रत्येक ओळीवरून दोनदा जाते. एकदा जाताना, एकदा परत येताना. पडद्यावर दोन रेघा उमटतात, एक पिवळी, एक निळी. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर खाली खरंच काहीतरी आहे असं समजायचं. नाही बसल्या तर कुणीतरी खोटं बोलतंय. बहुतेक वेळा सुई. कधीमधी सुई चालवणारं माणूस.

जाताना.

"हे काय काढलंयस, कोगिला? रस्ता झाडलायस का?"

अबांग झम्री स्टुलावरूनच पुढं वाकले. पेनांगच्या त्या प्रयोगशाळेतलं हे यंत्र कित्येक वर्षं त्यांच्या ताब्यात होतं. विद्यार्थी येत, पदव्या घेऊन जात. अबांग झम्री आणि यंत्र तिथंच. नव्या माणसाला शिकवायचे तेच, आणि त्याच्या हाती यंत्र एकट्याला सोडायचं की नाही हे ठरवायचेही तेच.

नाव मायक्रोस्कोप असलं तरी ह्या यंत्राला डोळा नाही, बोट आहे. केसापेक्षा बारीक पट्टी, तिच्या टोकाला सुई, पट्टीच्या पाठीवर लेसरचा ठिपका. सुई उंचवट्यावर चढली की पट्टी वाकते, ठिपका सरकतो, आणि त्या सरकण्यावरून संगणक चित्र काढतो. अंधारात भिंत चाचपत जावं तसं. चाचपायच्या रीती तीन. सुई टेकवून फरफटत न्यायची, तो कॉन्टॅक्ट मोड. टेकवायचीच नाही, वरच्या वर तरंगत न्यायची, तो नॉन-कॉन्टॅक्ट. आणि तिसरा टॅपिंग.

पडद्यावर रबर दिसायला हवं होतं. रबराच्या झाडाचा चीक पाण्यात पातळ करून कोगिलानं त्याचा एक थेंब अभ्रकाच्या चकतीवर सुकवला होता. चिकात रबराचे गोल कण असतात, आणि एकेका कणाभोवती तलम साल. रबरी हातमोजे घातले की काही लोकांच्या अंगावर गांधी उठतात, त्या ह्या सालीमुळं. चीक धुतल्यावर साल निघते की राहते, हे कोगिलाला बघायचं होतं. तेच तिचं संशोधन. पण पडद्यावर ना कण होते, ना साल. डावीकडून उजवीकडं नुसते फराटे.

"आज हवा दमट आहे, अबांग," कोगिला म्हणाली.

"पेनांगात हवा दमट नाही असा दिवस कुठला, आदिक?" धाकट्या बहिणीला म्हणावं तसं ते सगळ्याच पोरींना आदिक म्हणायचे, आणि सगळे त्यांना अबांग, म्हणजे मोठा भाऊ.

मागच्या टेबलाशी जुन हाओ बसला होता. तिच्यापेक्षा एक वर्ष पुढं, इपोह शहरातला, आणि यंत्राची परवानगी मिळालेला. "मी सांगतो, अबांग. कोगीनं सुईला खराटा बांधलाय."

"तू गप रे," कोगिला म्हणाली. "तुझा नमुना काचेचा. काचेवरून रोडरोलर नेला तरी चित्र येईल."

"भांडू नका. आणि तू टॅपिंग लावून बघ. मऊ वस्तूला कॉन्टॅक्ट चालत नाही, सांगितलं होतं की नाही मी?"

"हो, अबांग. लावते."

येताना.

"लावते" म्हणाली आणि लावलं नाही. अबांग झम्री पाठमोरे झाल्यावर तिनं दाबाचा आकडा आणखी खाली आणला आणि पुन्हा कॉन्टॅक्टच चालू केला.

कडाह प्रांतात, बालिंगच्या वरच्या अंगाला, रबराच्या इस्टेटीत कोगिलाचा जन्म. तिथं सगळी माणसं तमिळ बोलत, पण काही शब्द गोऱ्या साहेबांच्या वेळेपासून तिथंच मुक्कामाला राहिलेले. मस्टर. डिस्पेन्सरी. टॅपिंग. 'अम्मा कुठाय?' 'टॅपिंगला गेलीय.' टॅपिंग म्हणजे काय, हे कुणी कुणाला सांगत नसे; भात म्हणजे काय हे कोण सांगतं? टॅपिंग म्हणजे कापणं. वाकड्या पात्याची सुरी घ्यायची, झाडाची साल तिरकी, कागदाएवढी पातळ छिलायची, की चीक वाहू लागतो. पातं केसभर आत गेलं तर लाकडाला जखम होते, जखमेची गाठ होते, आणि त्या गाठीतून पुन्हा चीक येत नाही. कोगिलानं लहानपणी हट्टानं एकदा सुरी हातात घेतली होती आणि पहिल्याच झाडाला लाकूड दाखवलं होतं. बोलणी खाल्ली अम्मानं.

त्यामुळं यंत्राच्या पुस्तकात 'मऊ नमुन्यांसाठी टॅपिंग' असं वाचलं तेव्हा तिला शंकासुद्धा आली नाही. मऊच कापतात. दगड कोण कापतं? शिकवणीत एक हलतं चित्र दाखवलं, त्यात सुई वरखाली होत पुढं सरकत होती. बरोबर, छिलतेय. शिवाय शब्द इतका साधा की त्याचा अर्थ विचारायचा तर तोंड कुठं लपवायचं?

आणि तिला तर साल बघायची होती. साल छिलून टाकणारा मोड ती कशाला लावेल?

जाताना.

डॉक्टर ओंग आल्या त्या उभ्या उभ्याच बोलल्या. कोगिलाच्या मार्गदर्शक त्या. बुटक्या, चटपटीत, पर्स कायम खांद्याला, जणू बस पकडायची आहे.

"झम्री, सोमवारी हिची परीक्षा घ्या. मी बसेन."

"सोमवारी?" कोगिलाच्या तोंडून निघालं.

"यंत्र सगळ्यांनाच हवंय. किती दिवस धरून ठेवू तुझ्यासाठी? पास झालीस तर चिकाचं काम तुझं. नाही झालीस तर मोजणी जुन हाओ करेल, तू त्याला नमुने तयार करून दे. ठीक आहे ना?"

"ठीक आहे, डॉक्टर."

येताना.

काहीही ठीक नव्हतं. नमुने तयार करून द्यायचे म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकाला कांदे चिरून द्यायचे. प्रबंधावर नाव जुन हाओचं, आणि आभाराच्या पानावर, चहा देणाऱ्याच्या वर एक ओळ, कोगिलावाणी मुनिआंडी.

जाताना आणि येतानाही, कारण ह्या वेळी तिच्या मनातलं तिच्या तोंडून निसटलं.

दुपारच्या नमाजानंतर अबांग झम्री परत आले तेव्हा पडद्यावर पुन्हा फराटे होते आणि कोपऱ्यात अक्षरं होती, कॉन्टॅक्ट.

"कोगिला. मी कुठला मोड सांगितला होता?"

"टॅपिंग."

"मग?"

तिनं माउसवरचा हात काढून घेतला.

"मशीनची भीती वाटते? सुई मोडेल म्हणून? मोडू दे. सुया मोडायलाच असतात."

"सुईचं नाही हो, अबांग. मला ते कापायचं नाहीये."

"काय कापायचं नाहीये?"

"रबर. साल कापली गेली तर मग मी बघू काय?"

अबांग झम्री तिच्याकडं बघत राहिले. "कोण कापतंय?"

"टॅपिंग." आणि त्यांना कळेना म्हणून तिनं हातानं करून दाखवलं. डावा हात खोडाभोवती धरल्यासारखा, उजव्या मुठीत न दिसणारी सुरी, आणि ती स्वतःकडं ओढत तिरकी, गोल, खाली.

अबांग झम्री कडाहचेच, सिक गावचे. तो हात त्यांनी बापाचा पाहिला होता. त्यांचं तोंड हळूहळू उघडलं.

"हे तर तोरेह!"

"तुमच्यात तोरेह. आमच्यात टॅपिंग."

"म्हणजे इतके दिवस तुला वाटत होतं की हे यंत्र…" पुढचं त्यांना बोलवेना. ते स्टुलावर बसले, चष्मा काढला, डोळे पुसले. हसण्यानं त्यांचे खांदे हलत होते, आवाज मात्र फुटत नव्हता. "आणि मी म्हणतोय ही पोरगी एवढी हुशार, आणि हट्टी का अशी! अगं, आमच्या भाषेत शब्द वेगळा म्हणून मी वाचलो. नाहीतर मीही वर्षभर रबर फरफटवत बसलो असतो."

त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि टेबलावर टोकानं वाजवलं. टक. टक. टक.

"हे. टॅप. दारावर वाजवतात तसं. टेकायचं आणि उचलायचं, टेकायचं आणि उचलायचं. फरफट नाही, कापणं नाही. तू ज्याला जपणं समजत होतीस ना, ते कॉन्टॅक्ट, तीच खरी सुरी. सगळे कण तूच उपटून बाजूला सारलेस."

जुन हाओ खुर्चीसकट फिरला. "एक मिनिट. कोगी, दिवसभर फोनवर टॅप-टॅप करत असतेस, तेव्हा काय फोन कापत असतेस?"

"फोनवर मी दाबते."

"दाबते म्हणे!"

"हस. हसून घे. तुझ्या आईनं कधी झाड कापलंय का?"

"माझी आई शाळेत गणित शिकवते. ती फक्त मार्क कापते."

कोगिलालाही हसू आलं, आणि हसता हसताच कान गरम झाले. वाया गेलेले सगळे नमुने डोळ्यांपुढून गेले, धुतलेले, न धुतलेले, सगळे स्वतःच्या हातानं झाडून टाकलेले. लाज थोडाच वेळ टिकली. तिच्या मागून वेगळंच काही आलं. कण तिथंच होते. आजवर एकदाही नीट दार वाजवलं नव्हतं, एवढंच.

येताना. (संध्याकाळी, वसतिगृहाच्या जिन्यात, फोनवर.)

"अम्मा, टॅपिंग म्हणजे काय?"

"डोकं फिरलं का तुझं? पोटात होतीस तेव्हापासून टॅपिंगला येतेयस माझ्याबरोबर."

"अगं, इंग्रजीत त्याचा अर्थ हळूच टकटक करणं असा आहे."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"मग इंग्रजांना एवढी वर्षं चीक काय टकटक करून मिळाला? हळूच वाजवलं आणि झाड म्हणालं, या, घेऊन जा?"

"अम्मा, ऐक ना. मी इथं तेच शिकतेय. टॅपिंग. सोमवारी त्याची परीक्षा आहे."

मग अम्मा म्हणाली, "पहाटे उठून डोक्याला दिवा बांधून मी झाडं कापली, ती तुला कॉलेजात टॅपिंग शिकता यावं म्हणून?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. "थांब, शेजारच्या सेल्वीला सांगते. अगं सेल्वी! माझी पोरगीसुद्धा टॅपिंगलाच लागली बघ!"

"अम्मा, नको ना सांगूस सगळ्यांना."

"का नको? पास हो, कण्णू. नाहीतर घरी ये, सुरी देते."

जाताना.

टॅपिंग शिकणं म्हणजे डाव्या हातानं जेवण्यासारखं निघालं. सगळं उलटं. कॉन्टॅक्टमध्ये आकडा वाढवला की दाब वाढतो. इथं सुई झोके घेते, सेकंदाला तीन लाखांच्या आसपास, आणि पडद्यावरचा आकडा म्हणजे तिला किती झोका ठेवू द्यायचा. आकडा मोठा म्हणजे सुई मोकळी, हलकी. आकडा लहान म्हणजे झोका दाबला, सुई खाली रेटली.

"कळलं?" अबांग झम्रींनी विचारलं.

"कळलं."

आणि हलक्या हातानं करायचं म्हणून तिनं सवयीनं आकडा खाली नेला. रेघ थरथरली, वर उडाली, आडवी पडली.

"गेली," अबांग झम्री म्हणाले. "सुई आहे ती, दात कोरायची काडी नाही."

"तुम्हीच म्हणालात सुया मोडायलाच असतात."

"म्हणालो, पण इतकं मनावर घ्यायचं नसतं."

दुसरी सुई. ह्या वेळी तिनं आकडा मोठा ठेवला. पिवळी रेघ सपाट, निळी रेघ सपाट. सुई हवेतच झुलत होती. मग अगदी थोडा खाली. अजून थोडा. मग रेघेला कणभर जीव आला, झोपलेल्या माणसाचा श्वास दिसावा तसा. तिथं ती थांबली आणि चित्र चालू केलं.

ओळ. काही नाही.

ओळ. काही नाही.

ओळ. काही नाही, पण फराटाही नाही.

ओळ. उंचवटा.

ओळ. तोच उंचवटा, मघापेक्षा रुंद.

ओळ. आणखी रुंद, आणि डाव्या बाजूला दुसरा.

ओळ. तिनं श्वास धरलाय.

ओळ. पहिला अरुंद होत चालला. म्हणजे गोल आहे. गोल आहे! कडेला सगळीकडून सारखा उतरतोय.

ओळ. अबांग झम्रींनी स्टूल पुढं ओढलंय.

ओळ. तिसरा, चौथा, चिकटून बसलेले, थाळीत टाकलेल्या भिजल्या साबुदाण्यासारखे.

ओळ. पिवळी आणि निळी एकमेकींवर इतक्या नीट बसल्यात की एकच रेघ दिसतेय, हिरवी.

"आता शेजारचं चित्र बघ," अबांग झम्री म्हणाले. "फेज म्हणतात त्याला. सुई चिकट जागी टेकली की तिला उठायला अंमळ उशीर होतो, टणक जागी होत नाही. तो उशीर तिथं रंगात दिसतो."

शेजारच्या चित्रात प्रत्येक गोलाभोवती काळपट बारीक कडं होतं. साल.

"हा न धुतलेला ना?"

"हो. न धुतलेला."

"मग धुतलेला सोमवारी," अबांग झम्री म्हणाले, आणि टोपी सारखी करत उठले.

सोमवार, जाताना.

डॉक्टर ओंग पर्स खांद्यालाच ठेवून बसल्या. जुन हाओ दाराशी टेकून उभा. अबांग झम्रींनी स्टूल मागं ओढलं, हाताची घडी घातली आणि सांगितलं की आजचा दिवस ते मुके आहेत.

पहिला भाग सोपा. पायऱ्या कोरलेली सिलिकॉनची ठरावीक पट्टी, कॉन्टॅक्ट मोडमध्ये. कोगिलानं ती झटकन करून दाखवली. पायऱ्यांच्या कडा करवतीसारख्या स्वच्छ आल्या. मग तिनं सुईची पट्टी काढून टॅपिंगची लावली, धुतलेल्या चिकाचा नमुना ठेवला, आकडा मोठ्यावरून हळूहळू उतरवला, रेघेला जीव येताच थांबली.

ओळीमागून ओळ चित्र उतरू लागलं. पिवळी आणि निळी बेमालूम.

कण गोल नव्हते. त्रिकोणी होते.

डॉक्टर ओंग उठल्या. पर्स खाली घसरली. "हे धुतलेले आहेत?"

"हो."

"धुतल्यावर असे आकसतात? कोगिला, हे कुणी पाहिलेलं नाही. झम्री, तुम्ही पाहिलंय?"

"नाही बुवा."

"साल निघाली आणि आकारच बदलला! बघा ना, कडा किती धारदार! आणि रेघा बघा, जाताना-येताना फरकच नाही." त्या पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांच्या श्वासानं काच धुरकटली. "चालवता येतं हिला. तुमचं काय मत?"

"येतं की," अबांग झम्री म्हणाले. "माझ्याकडून पास."

जुन हाओनं दाराशीच टाळी वाजवली. "झालं! कोगी, आज रोती चनाई तुझ्याकडून."

येताना.

ती पास झाली होती. चिकाचं काम तिचं. प्रबंधावर नाव तिचं. शिवाय कुणीच न पाहिलेले त्रिकोण.

त्रिकोण मोठे होते आणि लहान होते. एकटे होते आणि घोळक्यानं होते. पण एकूण एक त्रिकोणाचं टोक वरच्या उजव्या कोपऱ्याकडं होतं. बारीकसारीक पिल्लंसुद्धा तिकडंच तोंड करून उभी.

रबराच्या थेंबाला कुणी रांगेत उभं केलं?

दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या होत्या. आणि तरीही हे खोटं होतं. सुई जाताना जे खोटं बोलली, तेच खोटं येताना बोलली, म्हणून तर रेघा जुळल्या. हे कुठल्या पुस्तकात होतं की नव्हतं ते तिला आठवेना. गप्प राहिलं तर कुणालाही कळणार नव्हतं, निदान काही महिने तरी. आणि बोललं तर अबांग झम्रींनी दिलेलं ते 'पास' परत जाणार होतं, पुढच्या सत्रापर्यंत.

जाताना-येताना.

"डॉक्टर, हे रबर नाही."

डॉक्टर ओंग वळल्या. "मग काय आहे?"

"आमची सुई. तिचं टोक तुटलंय, बसवताना कुठंतरी लागलं असणार. प्रत्येक कणावर ती स्वतःच्या तुटक्या टोकाचंच चित्र काढतेय. सगळे त्रिकोण बघा, एकाच बाजूला बघतायत."

"कोगी," जुन हाओ दातातल्या दातात म्हणाला, "पास झालीयस. गप बस ना, बाई."

"गप बसले तर हे त्रिकोण छापून येतील रे, आणि मग अख्खं जग त्यांना शोधत बसेल."

अबांग झम्रींनी हाताची घडी सोडली. "म्हणतेस ते सिद्ध कर."

तिनं सुई वर उचलली. अभ्रकाची चकती चिमट्यानं धरून हातानं पाव फेरी फिरवली, पुन्हा ठेवली, पुन्हा सुई खाली. "मी रबर फिरवलंय, सुई नाही. त्रिकोण रबराचे असतील तर चित्रातले त्रिकोणही फिरतील. सुईचे असतील तर तिथंच बघत राहतील."

चौघंही पडद्याकडं बघत उभे राहिले. चित्राचा वरचा भाग उतरला. दुसरा घोळका, वेगळे कण, पण टोकं वरच्या उजव्या कोपऱ्याकडं. सगळीच्या सगळी. एकही फिरलेला नाही.

मग डॉक्टर ओंग खुर्चीत बसल्या आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. "अरे देवा. मी तर शोधनिबंधाचं नावसुद्धा ठरवून टाकलं होतं."

"काय ठरवलं होतं?" जुन हाओनं विचारलं.

"ते आता माझ्याबरोबरच जाईल." आणि त्या हसल्या, चांगल्या खळखळून. "झम्री, आता हिचं काय करायचं?"

अबांग झम्रींनी दाढीवरून हात फिरवला. "मगाशी दिलेलं पास मी परत घेतो," ते म्हणाले. "ते खोट्या चित्राला दिलं होतं. परीक्षा अजून चालू आहे. सुई बदल, आदिक."

डबीत एकच सुई उरली होती. नवी डबी यायला महिना होता.

सुईची तिळाएवढी कपची चिमट्यात धरायची, तिच्या टोकाला पट्टी, पट्टीच्या टोकाला सुई, आणि सुई कशालाही लागता कामा नये. कोगिलानं चिमटा उचलला. तिनं कोपर टेबलाला टेकवलं, श्वास सोडला, आणि सोडलेल्या श्वासाच्या शेवटी हात जिथं स्थिर होतो तिथं कपची उचलली. खाचेत ठेवली. बसली. लेसरचा ठिपका पट्टीच्या पाठीवर आणला, घसरला, पुन्हा आणला. झोक्याचा वेग शोधला. पडद्यावर उंच, सरळ शिखर उभं राहिलं. नवी सुई, सशक्त सुई.

"बिस्मिल्लाह," अबांग झम्री पुटपुटले, सुई खाली जाताना नेहमी पुटपुटायचे तसे, आणि मग आपण आज मुके आहोत हे आठवून त्यांनी ओठ मिटले.

आकडा मोठा. थोडा खाली. थोडा खाली. सपाट, सपाट. आता घाई केली असती तर हीही गेली असती. थोडा खाली. श्वास.

थांबली.

पहिल्या ओळीत काहीच नव्हतं. मग एक उंचवटा आला, वाढला, उतरला, आणि गोल झाला. नुसता गोल. दुसराही गोल. चिकटलेले, विखुरलेले, लहान, मोठे, सगळे गोल, कुणीही कुणाकडं बघत नव्हतं.

"रबर," डॉक्टर ओंग हळूच म्हणाल्या.

"फेज दाखव," अबांग झम्री म्हणाले.

कोगिलानं शेजारचं चित्र मोठं केलं. न धुतलेल्या कणांभोवती काळपट कडं अखंड होतं. इथं ते तुटलं होतं. कुठं कमानीएवढं उरलेलं, कुठं नुसता ठिपका, कुठं साफ गेलेलं. पाण्यानं अर्धं काम केलं होतं आणि अर्धं ठेवलं होतं.

"निघते," कोगिला म्हणाली, "पण पुरती निघत नाही." आपला आवाज एवढा मोठा का येतोय ते तिला कळेना. "एवढं धुऊनही राहते, डॉक्टर! म्हणून तर अंगावर गांधी उठतात! आता कितीदा धुतलं की पुरती जाते ते बघायचं. आणि कोमट पाण्यानं. आणि साबण घालून. मला नमुने लागतील, पुष्कळ लागतील, हाओ, तू करून देशील का?"

जुन हाओनं दोन्ही हात वर केले. "बघा! परवानगी मिळायच्या आत मला कामाला लावलं."

डॉक्टर ओंगनी पर्स उचलली. अबांग झम्रींना म्हणाल्या, "दर मंगळवार आणि गुरुवार तिच्या नावावर टाका. चिकाचं काम तिचं." आणि दारातून, बस पकडायची असल्यासारख्या, गेल्या. जुन हाओ त्यांच्या मागोमाग, जाता जाता कोगिलाच्या डोक्यात टपली मारून.

अबांग झम्रींनी संगणकावर तिचं नाव घातलं. कोगिलावाणी, एका बोटानं, एकेक अक्षर बघून बघून. मग उठले आणि दाराकडं निघाले.

"कुठं निघालात, अबांग? चित्र अजून अर्धं राहिलंय."

"जेवायला."

"आणि मी?"

"तू काय? सुई खाली आहे, रेघा जुळल्यात, चित्र उतरतंय. माझं इथं काय काम?"

दार मिटलं. खोलीत ती, यंत्र, आणि सेकंदाला तीन लाखांनी झुलणारी ती एवढीशी सुई. कोगिला काही वेळ शहाण्यासारखी बसून राहिली. मग उभी राहिली. मग तिनं दोन्ही मुठी वर करून अशी काही आरोळी ठोकली की इस्टेटीत असती तर मजुरांच्या घरांच्या चार लाइनी पलीकडं ऐकू गेली असती.

यंत्राचं झाकण लावायचं राहिलं होतं. आवाजानं सुई थरथरली, आणि रबराच्या गोल गोल कणांच्या मधोमध, चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एक पांढरी झळझळीत रेघ उमटली. पुढची ओळ पुन्हा स्वच्छ आली. कोगिलानं चित्र थांबवलं नाही, आणि पूर्ण झाल्यावर तसंच, रेघेसकट, जपून ठेवलं.